विनामूल्य साहित्य आणि प्रथम वर्षाचे राज्यशास्त्र : १९७९ ते २०२३ या काळाचा एक आढावा

प्रस्तावना

प्रथम वर्ष कला वर्गात राज्यशास्त्र हा विषय घेणारा विद्यार्थी वर्षभरात नेमके काय वाचतो, या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांना ठाऊक असते. ते आपण अभ्यासमंडळाच्या बैठकीत फारसे उच्चारत नाही, इतकेच. तो गाईड वाचतो, किंवा महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्स वाचतो. संदर्भग्रंथांची यादी अभ्यासक्रमाच्या शेवटी छापलेली असते आणि ती तेथेच राहते. या स्थितीचे कारण सांगताना ग्रंथांच्या किमतीकडे बोट दाखवण्याचा प्रघात आहे. २००१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपले अभ्याससाहित्य महाजालावर खुले करण्याची घोषणा केली आणि २००२ साली युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीतून ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा पुढे आली. तेव्हापासून साहित्य विनामूल्य झाले की अध्यापनाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल, अशी धारणा आपल्याकडेही दृढ होत गेली.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. राज्यशास्त्रापुरते बोलायचे तर अत्यल्प किमतीचे आणि पुढे पूर्णतः विनामूल्य असे साहित्य महाराष्ट्रात दीर्घकाळ उपलब्ध होते व आहे. ते प्रामुख्याने शासनाने किंवा शासनपुरस्कृत संस्थांनी निर्माण केले. मात्र विनामूल्य असणे आणि मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीमुळे वाचण्याची सोय होते. दुसरीमुळे प्रत काढण्याचा, बदल करण्याचा, अनुवाद करण्याचा आणि जतन करण्याचा अधिकार मिळतो. हा भेद शांततेच्या काळात जाणवत नाही. मजकुरावरून वाद उद्भवला की तो एकदम उघडा पडतो. १९८७-८८, २०१२ आणि २०२२-२३ असे तीन प्रसंग या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत. तिन्ही प्रसंगांत साहित्य सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले होते, आणि तिन्हींचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे.

शासन हेच प्रकाशक

१९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतीय भाषांमधून विद्यापीठीय स्तरावरील ग्रंथ तयार करण्यासाठी केंद्र शासनाने राज्यांना अनुदान देऊ केले. त्यातून आपल्याकडे नागपूर येथील महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ कार्यरत झाले. या मंडळाची पुस्तके आजही जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत दिसतात. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला; पुढे हे सर्व खंड संकेतस्थळावर विनामूल्य खुले झाले. ‘लोकशाही’ किंवा ‘राज्यशास्त्र’ यांसारखी नोंद आज ग्रामीण भागातील विद्यार्थी भ्रमणध्वनीवर वाचू शकतो, हे लहान यश नव्हे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही याच परंपरेतील होत. त्यांतील काही प्रतिशब्द उच्चारताना वर्गात हशा पिकतो, परंतु त्यांच्याशिवाय मराठीतून हा विषय शिकवणे आपल्याला जमले नसते.

यांपैकी सर्वांत महत्त्वाचा प्रकल्प अर्थातच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : लेखन आणि भाषणे’ हा होय. १४ एप्रिल १९७९ रोजी वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध केला. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने हा खंड केवळ चरित्रात्मक आदरापोटी नव्हे, तर पाठ्यसाहित्य म्हणून पाहावा. जातिसंस्थेची मीमांसा, भाषावार प्रांतरचना, १९१९ सालची साउथबरो समितीपुढील साक्ष, संघराज्य आणि स्वातंत्र्य यांतील तणाव, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हा १९४७ चा संविधानविषयक मसुदा, एवढे सर्व या एका खंडात आहे. प्रतिनिधित्व म्हणजे काय, मताधिकार कोणाला असावा, अल्पसंख्य कोणास म्हणावे हे प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमातील प्रश्न येथे परदेशी उदाहरणांवाचून भेटतात. खंडांची किंमत नाममात्र ठेवलेली होती. पुढे ते केंद्र शासनाच्या संकेतस्थळांवरूनही विनामूल्य मिळू लागले.

छापील प्रतींची कथा मात्र निराळी आहे. मागणी असूनही खंड मिळत नाहीत ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये या प्रकल्पाच्या रखडलेल्या मुद्रणाविषयी वृत्तपत्रात आलेल्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. नाममात्र किमतीचे पुस्तक बाजारात नसेल तर त्याची किंमत कितीही कमी असून उपयोग नाही, ही साधी गोष्ट त्या निमित्ताने न्यायालयापर्यंत गेली.

तळटीप : १९८७-८८

याच मालेतील चौथा खंड १९८७ साली प्रसिद्ध झाला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हे बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेले लेखन त्यात होते. राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावर शिवसेनेसह काही संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. शासनाने परिशिष्ट वगळण्याची भूमिका घेताच फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलित संघटनांचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर तडजोड झाली ती अशी की मजकूर जसाच्या तसा राहील, मात्र या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप त्या प्रकरणाला जोडली जाईल.

या तडजोडीकडे आपण सामान्यतः राजकीय दृष्टीने पाहतो. प्रकाशनाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही ती लक्षणीय आहे. ज्या शासनाने ग्रंथ काढला त्यानेच त्याच ग्रंथात आपली असहमती नोंदवली आणि मजकूर वाचकाच्या स्वाधीन केला. वाचकाला दोन्ही गोष्टी एकाच पानावर दिसतात. हे घडण्यामागे उदारमतवाद होता असे मानण्याचे कारण नाही. त्यामागे रस्त्यावर उतरलेला समाज होता. छापलेल्या आणि वितरित झालेल्या प्रती गुपचूप बदलता येत नाहीत, ही मुद्रणतंत्राची मर्यादाही त्यामागे होती. प्रथम वर्षाच्या वर्गाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना या एका तळटीपेइतके उपयुक्त उदाहरण प्रस्तुत लेखकाला दुसरे सापडलेले नाही.

व्यंगचित्र : २०१२

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नुसार राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, अकरावी-बारावीची राज्यशास्त्राची नवी पुस्तके २००६ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे मुख्य सल्लागार होते प्रा. योगेंद्र यादव आणि पुणे विद्यापीठातील प्रा. सुहास पळशीकर. या सर्व पुस्तकांवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या दोन अध्यक्षांपैकी एक गो. पु. देशपांडे होते. पुस्तके संकेतस्थळावर पहिल्यापासून विनामूल्य होती.

शालेय पुस्तकांचा महाविद्यालयीन अध्यापनाशी काय संबंध, असा प्रश्न येथे येऊ शकतो. संबंध फार जवळचा आहे. महाराष्ट्रात ही पुस्तके शाळेपेक्षा अधिक वाचली गेली ती स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत आणि पदवीच्या वर्गांत. विनामूल्य पुस्तकाचे मराठी सारांश बाजारात विकत घेतले जातात, हा एक गमतीदार विरोधाभासही त्यातून निर्माण झाला. परिषदेची पुस्तके इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघत, मराठीत नव्हे. ही पोकळी गाईड-प्रकाशकांनी भरली.

या पुस्तकांची रीत आपल्या परिचयाच्या पाठ्यपुस्तकांहून सर्वस्वी वेगळी होती. व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण-दोष अशी मांडणी त्यात नव्हती. वृत्तपत्रांतील कात्रणे, व्यंगचित्रे, उन्नी आणि मुन्नी ही आगाऊ प्रश्न विचारणारी दोन मुले आणि उत्तर न देता सोडलेले प्रश्न त्यात होते. संविधानावरील अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र होते. संविधाननिर्मितीच्या गोगलगायीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू असे ते चित्र. संविधान तयार होण्यास एवढा काळ का लागला, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावा आणि संविधान सभेच्या विचारविनिमयाचे गांभीर्य त्याच्या लक्षात यावे, असा पाठाचा हेतू होता.

चित्र २००६ पासून पुस्तकात होते. २०१२ च्या एप्रिल-मे महिन्यांत ते संसदेत वादाचा विषय झाले. ११ मे २०१२ रोजी ते काढून टाकण्याची घोषणा मनुष्यबळ विकास मंत्र्यांनी केली आणि दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी प्रा. पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. पुस्तकांच्या फेरतपासणीसाठी नेमलेल्या प्रा. सुखदेव थोरात समितीने अनेक चित्रे आणि मजकूर वगळण्याची वा बदलण्याची शिफारस केली. समितीचे एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले.

या प्रसंगी दुखावलेल्या भावना खोट्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. सवर्ण हातातील चाबूक हे चिन्ह दलित समाजाच्या स्मृतीत कोणता अर्थ घेऊन येते, हे पुस्तक तयार करणाऱ्यांनी अधिक बारकाईने पाहायला हवे होते, असे मत त्या वेळी अनेक जबाबदार अभ्यासकांनीही मांडले. प्रस्तुत लेखकालाही तो मुद्दा ग्राह्य वाटतो. तथापि १९८८ शी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. १९८८ मध्ये आक्षेप मजकुराशेजारी छापला गेला. २०१२ मध्ये आक्षेपार्ह गोष्टच गेली आणि तिच्याबरोबर तिच्यावरचा आक्षेपही पुस्तकातून नाहीसा झाला. ते चित्र ठेवून त्याखाली दलित विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक प्रश्न घातला असता, तर कदाचित त्या मालेतील तो सर्वोत्तम धडा ठरला असता.

बदललेली फाइल : २०२२-२३

कोविडनंतर विद्यार्थ्यांवरील भार कमी करण्याचे कारण देऊन परिषदेने २०२२ मध्ये वगळावयाच्या मजकुराची यादी जाहीर केली. बारावीच्या ‘स्वातंत्र्योत्तर भारतातील राजकारण’ या पुस्तकातील जनआंदोलनांच्या उदयावरील संपूर्ण प्रकरण त्यात गेले. चिपको, दलित पँथर, भारतीय किसान युनियन, आंध्रातील दारूविरोधी चळवळ आणि नर्मदा बचाव आंदोलन हे या प्रकरणाचे विषय. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरची ओळख नामदेव ढसाळांच्या अनुवादित कवितेतून करून देणारे ते प्रकरण देशभरातील विद्यार्थी पंधरा वर्षे वाचत होते. अकरावीच्या राजकीय सिद्धांताच्या पुस्तकातून ‘शांतता’ आणि ‘विकास’ ही प्रकरणे गेली. जाहीर यादीत नसलेले, गांधीहत्येच्या संदर्भातील काही उल्लेखही वगळले गेल्याचे एप्रिल २०२३ मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणले. ती नजरचूक असू शकेल, असे स्पष्टीकरण परिषदेकडून देण्यात आले.

जून २०२३ मध्ये यादव आणि पळशीकर यांनी पुस्तकांवरून आपली नावे काढावीत अशी मागणी केली. परिषदेने ती अमान्य केली. पुस्तकांचा स्वामित्वहक्क परिषदेकडे आहे, शालेय पुस्तकांवर वैयक्तिक कर्तृत्वाचा दावा नसतो, असे तिचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचे आहे असे म्हणता येत नाही. मूळ मुद्दा नेमका तोच आहे. सतरा वर्षे ज्या पुस्तकाला आपण सर्वांचे पुस्तक समजत होतो ते कायद्याने एका संस्थेचे होते. वाचण्यास विनामूल्य होते, परंतु त्यावर वाचकाचा, शिक्षकाचा, इतकेच काय लेखकाचाही हक्क नव्हता. छापील आवृत्ती बदलली तर जुनी प्रत कपाटात राहते. संकेतस्थळावरील फाइल बदलली की दुवा तोच राहतो, मजकूर दुसरा येतो, आणि दुव्यावर विसंबलेल्या प्राध्यापकाला ते कळतही नाही. टाचणात ‘प्रकरण सात पाहा’ असे लिहिलेले असते आणि विद्यार्थ्यासमोर सातवे प्रकरण म्हणून भलतेच काही उघडते.

कायद्याने काय मोकळे आहे

या संदर्भात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याकडे आपल्या विषयाच्या प्राध्यापकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. कलम ५२ मधील तरतुदीनुसार शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी अध्यापनाच्या ओघात केलेली प्रत हा हक्कभंग ठरत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स-सेवेविरुद्ध २०१२ मध्ये दावा दाखल केला, तेव्हा या तरतुदीची कसोटी लागली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने प्रकरण पुन्हा सुनावणीस पाठवले, मात्र अध्यापनासाठी आवश्यक तेवढा मजकूर संकलित करून देण्यास कायद्याची आडकाठी नाही हे तत्त्व उचलून धरले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. महाविद्यालयासमोरच्या ज्या झेरॉक्स दुकानाकडे आपण नाके मुरडतो, त्याच्या बाजूने असा भक्कम न्यायनिर्णय उभा आहे.

त्याच कलमानुसार न्यायालयीन निर्णयांचे पुनर्मुद्रण मोकळे आहे. अधिनियमाचे पुनर्मुद्रणही करता येते, अट एवढीच की त्यासोबत काही भाष्य किंवा मूळ लेखन असावे. म्हणजे शिक्षकाने स्वतः काही लिहावे असे जणू कायद्यालाच अभिप्रेत आहे! शासकीय प्रकाशनांचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षांनी संपतो; संविधान सभेच्या वादविवादांचे अधिकृत खंड त्यामुळे मोकळे झाले आहेत. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक मालकीचे आहेत. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची मुदत मात्र कलम २४ प्रमाणे प्रकाशनापासून मोजली जाते. १९८७ चा वादग्रस्त मजकूर त्या हिशेबाने २०४७ च्या अखेरपर्यंत बंधनात राहील.

परदेशी मुक्त पुस्तक आणि ‘राज्य’ हा शब्द

याच्या उलट टोकाला अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले राज्यशास्त्राच्या प्राथमिक ओळखीचे पुस्तक आहे. ज्या परवान्याखाली ते निघाले त्यानुसार श्रेय दिल्यास कोणीही त्याची प्रत काढावी, प्रकरणे गाळावीत, नवी घालावीत, अनुवाद करून छापावीत. स्थिती अशी की ह्यूस्टनचे पुस्तक नागपुरात कायदेशीररीत्या मराठी होऊ शकते, दिल्लीचे होऊ शकत नाही.

परंतु ते मराठी करावे का? पुस्तक चांगले आहे, त्याची तुलनात्मक दृष्टीही स्वागतार्ह आहे. तरी त्याचा कल आणि बहुतांश दाखले अमेरिकन विद्यार्थ्यासाठी आहेत. आणि खरी अडचण दाखल्यांची नाही, भाषेची आहे. एकच शब्द पाहू. मराठीत ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र. ‘राज्य’ म्हणजे सार्वभौम राज्यसंस्था. आणि ‘राज्य’ म्हणजे कोणाची तरी सत्ता, जसे पेशव्यांचे राज्य. संविधानाच्या अनुच्छेद १ मध्ये पहिला अर्थ आहे. अनुच्छेद १२ मध्ये संसद, केंद्र शासन, घटकराज्यांची शासने व विधिमंडळे आणि स्थानिक प्राधिकरणे या सर्वांना मिळून ‘राज्य’ म्हटले आहे. म्हणजे मूलभूत हक्कांपुरती आपल्या गावची ग्रामपंचायतही ‘राज्य’ ठरते. हे ऐकल्यावर वर्ग गोंधळतो, आणि गोंधळायलाच हवा. राज्यसंस्थेची संकल्पना तेथून सुरू होते. असा गोंधळ इंग्रजी पुस्तकाच्या लेखकाला सुचणार नाही, कारण तो त्याच्या भाषेत या रूपात नाही. मराठीतील गाईड तो टाळते. तेथे गार्नरची व्याख्या आणि राज्याचे चार घटक पाठ केले की काम भागते.

मूळ दस्तऐवजांचा वर्ग

म्हणून पाठ्यपुस्तकाऐवजी मोकळ्या दस्तऐवजांवर पहिले सत्र उभे करणे अधिक फलदायी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठी संविधान, संविधान सभेतील ४ नोव्हेंबर १९४८ आणि २५ नोव्हेंबर १९४९ ही बाबासाहेबांची दोन भाषणे, एखादा न्यायनिर्णय आणि निवडणूक आयोगाचे सांख्यिकीय अहवाल एवढे साहित्य पुरते. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णयसंग्रहही संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. विभागाने प्रत्येक दस्तऐवजाची दिनांकित प्रत स्वतःकडे ठेवावी. दुवा देऊन थांबू नये.

या मार्गात श्रम आहेत. तीन-चार विषयपत्रिका आणि परीक्षेची कामे सांभाळून हे कोणी करायचे, हा प्रश्न तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याने विचारला तर त्याला सहज उत्तर देता येणार नाही. शिवाय प्रश्नपत्रिका जोवर गाईडमधील प्रश्न विचारते तोवर विद्यार्थी गाईडच वाचेल.

तरीही एक उदाहरण नोंदवतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालातील ‘बॉम्बे सिटी नॉर्थ’ या मतदारसंघाचे पान वर्गात द्यावे. बाबासाहेब तेथून लढले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले, हे बहुतेक विद्यार्थ्यांना ऐकून माहीत असते. पानावर मात्र विजयी उमेदवार दोन दिसतात. बेरीज करायला सांगितले की झालेली मते मतदानाला आलेल्या मतदारांपेक्षा अधिक निघतात. मुले प्रथम आपली बेरीज चुकली असे समजतात, मग छपाईची चूक समजतात. त्या निवडणुकीत ४०१ मतदारसंघांतून ४८९ सदस्य निवडायचे होते. ८६ मतदारसंघ द्विसदस्यीय आणि एक त्रिसदस्यीय होता. द्विसदस्यीय मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते होती, परंतु दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. राखीव जागेवरील उमेदवाराचा निकाल त्यामुळे सर्व समाजांच्या दुसऱ्या मतावर ठरत असे. वाया गेलेल्या आणि घालवलेल्या मतांचा वाद बाबासाहेबांनी आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकेपर्यंत नेला. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ आले ते १९३२ साली, आणि त्यांचा व्यवहारातील अर्थ या एका पानावरच्या न जुळणाऱ्या बेरजेत सापडतो. एवढे सांगून झाल्यावर वर्गातून पुढचा प्रश्न येतो तो असा की आज राखीव मतदारसंघात निकाल कोणाच्या मतांवर ठरतो. आणि त्यासाठी पुन्हा आयोगाचाच अहवाल, या वेळी आपल्या जिल्ह्याचा, उघडावा लागतो.